कापलेले जाळे, फाटलेले जाळे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर डॉल्फिनमुळे मासेमाराचे जाळे दोन प्रकारे जाते. एक तर डॉल्फिन जाळ्यात अडकतो आणि त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते. नाही तर जाळ्यात लागलेली मासळी ओढून काढताना तो जाळे फाडतो. पहिल्या नुकसानीसाठी राज्य शासनाची योजना आहे. डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित सागरी प्राण्याला जिवंत सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मासेमाराला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळू शकते. दुसऱ्या नुकसानीला त्या योजनेत जागा नाही. तिसरी शक्यता अशी, की जाळे ओढून वर घेईपर्यंत डॉल्फिन आत गुदमरून मेलेला असतो. त्या वेळी मासेमाराने काय करावे, हे त्याला कुणी नीट सांगितलेले नाही. तो गप्प राहतो. मेलेला प्राणी पाण्यात सोडून देतो आणि घरी येतो.

जाळे तेच, प्राणी तोच, मासेमारही तोच. तरी एका प्रसंगात तो सत्काराचा धनी, दुसऱ्यात तक्रारखोर आणि तिसऱ्यात संभाव्य गुन्हेगार ठरतो. हे असे का झाले, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मी काही कायदे, एक शासकीय योजना आणि दोन शोधनिबंध एकमेकांशेजारी ठेवून वाचले आहेत.

मी नाशिकचा. सागरी जीवशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. अहवाल, राजपत्रे आणि शोधनिबंध मिळवून वाचायचे, समजले नाही तर पुन्हा वाचायचे, आणि मग किनाऱ्यावर जाऊन विचारायचे, एवढीच माझी पद्धत. नाशिककराला समुद्राची उठाठेव कशाला, असे मला अधूनमधून विचारले जाते. पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या शिलालेखात शूर्पारक म्हणजे सोपारा आहे आणि डहाणूची नदीही आहे. इतके जुने नाते पुरत नसेल, तर कसारा घाट चढून रोज नाशिकच्या मासळी बाजारात येणारा बांगडा पुरावा. ज्याच्या ताटात मासा येतो, त्याचा त्या माशाच्या जाळ्याशी संबंध असतोच.

१. एकाच पट्ट्यात दोघे

सागरी सस्तन प्राणी म्हटले की आपल्यासमोर देवमासा येतो. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर ब्रायडीज जातीचा मेलेला देवमासा आला, तेव्हा बघ्यांची रीघ लागली. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत लागला आणि तिथेच मेला. या बातम्या मोठ्या होतात, कारण प्राणी मोठा असतो आणि किनाऱ्यावर, आपल्या डोळ्यांसमोर येतो.

मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाचे प्राणी मात्र लहान आहेत. आपल्या किनाऱ्याला लागून राहणारा हम्पबॅक डॉल्फिन, ज्याला कोकणात 'गादा' म्हणतात, तो आणि पाठीवर पर नसलेला, बुजरा फिनलेस पॉरपॉइज. यांतला पहिला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे, तर दुसरा 'असुरक्षित'. तारकर्ली, देवबाग, हर्णै इथे पर्यटकांना होडीतून जो डॉल्फिन दाखवतात, तो बहुतेक वेळा हाच हम्पबॅक. तो खोल समुद्रात फारसा जात नाही. खाड्यांची मुखे, खडकांच्या आसपासचे पाणी, साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीचा पट्टा, हे त्याचे घर.

लहान होड्यांचे गिलनेट लागते ते याच पट्ट्यात. रापण ओढली जाते ती याच पट्ट्याच्या काठावर. गिलनेट म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे लावलेले बारीक धाग्याचे जाळे. मासा त्यात डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. पूर्वी ही जाळी सुताची असत. नायलॉन आले आणि जाळे हलके, स्वस्त, टिकाऊ झाले. पाण्यात ते जवळजवळ दिसतही नाही. डॉल्फिन माशाच्या मागे येतो, शेपूट किंवा चोच अडकते, आणि सुटण्याच्या धडपडीत तो आणखी गुंततो. तो मासा नाही, हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. काही मिनिटांत वर येता आले नाही, तर संपले.

इथे एक जीवशास्त्रीय हिशेब लक्षात ठेवायला हवा. बांगड्याची मादी हजारो अंडी घालते. हम्पबॅक डॉल्फिनच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षांचे अंतर असते. म्हणून बांगड्याचे एक वर्ष वाईट गेले तर पुढच्या दोन-चार चांगल्या वर्षांत ते भरून निघू शकते. डॉल्फिनच्या लहान कळपातल्या दोन प्रौढ माद्या गेल्या, तर ती तूट भरायला दशक लागते. मासळीचे व्यवस्थापन टनांत चालते. डॉल्फिनचे व्यवस्थापन एकेक जीव मोजूनच करावे लागते. ही दोन मापे एका तराजूत बसवणे, हीच या विषयातली खरी अडचण आहे.

२. दोन कायदे, एकमेकांना अनोळखी

आपल्या राज्यघटनेत मासेमारी राज्यसूचीत आहे. राज्याच्या सागरी हद्दीपलीकडची, म्हणजे बारा सागरी मैलांबाहेरची मासेमारी केंद्रसूचीत आहे. वन्य प्राण्यांचे संरक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे. एक हम्पबॅक डॉल्फिन मालवणच्या पाण्यात मासळीमागे फिरतो, तेव्हा तो वन विभागाच्या ताब्यात असतो आणि त्याच्या तोंडातला मासा मत्स्यव्यवसाय विभागाच्या. हे विनोदाने म्हणत नाही. कागदावरची स्थिती अक्षरशः अशीच आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. डॉल्फिन, पॉरपॉइज आणि देवमासे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने किमान दंड २५,००० रुपये केला आहे. कायद्यातल्या 'शिकार' या शब्दाची व्याख्या मोठी रुंद आहे. मारणे त्यात आहे, तसेच पकडणे आणि सापळ्यात अडकवणेही आहे. जंगलातल्या फासेपारध्याला आणि सावजावर टपलेल्या बंदूकवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून ही व्याख्या केलेली दिसते. सुरमईसाठी लावलेल्या जाळ्यात आपोआप येऊन मेलेल्या डॉल्फिनचा वेगळा विचार त्या व्याख्येत नाही.

दुसरा कायदा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. यांत्रिक नौका आणि पारंपरिक होड्या यांच्यात ठिकठिकाणी भांडणे पेटली होती, त्या काळातला. म्हणून त्याचा रोख तीन गोष्टींवर आहे: पारंपरिक मासेमारांच्या हिताचे रक्षण, मासळीचे जतन आणि समुद्रातली शांतता. कोणती नौका कुठे जाईल, कोणते जाळे वापरेल, कोणत्या हंगामात थांबेल, हे ठरवण्याचा अधिकार या कायद्यातून येतो. कोणत्या जाळ्यात काय मरेल, याचा निर्णय व्यवहारात इथेच होतो. पण हा कायदा डॉल्फिनकडे पाहत नाही.

परिणाम असा, की ज्या खात्याकडे जाळ्यावर अधिकार आहे त्याच्याकडे डॉल्फिनची जबाबदारी नाही, आणि ज्या खात्याकडे डॉल्फिनची जबाबदारी आहे त्याचा जाळ्यावर अधिकार नाही. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य हे याचे जुने उदाहरण. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र कागदावर आले, स्थानिक मासेमारांचा विरोध तेव्हापासून राहिला, आणि अभयारण्य म्हणजे मासेमारीबंदी या भीतीपलीकडे चर्चा क्वचितच गेली. मासेमाराला वगळून आखलेली सीमा मासेमाराने मानली नाही, यात नवल काही नाही.

३. भरपाईची योजना: काय साधले, काय सुटले

या पार्श्वभूमीवर २०१८ ची भरपाई योजना खरोखर महत्त्वाची आहे, आणि टीका करण्याआधी ते मान्य केले पाहिजे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग हे दोघे तिच्यात एकत्र आले. दोन अनोळखी कायद्यांमधला हा पहिला पूल. गुजरातेत व्हेल शार्कसाठी असा प्रयोग आधी झालेला होता. २००४ साली मोरारी बापूंच्या मदतीने तिथे या माशाविषयीची मोहीम सुरू झाली, आणि पुढे जाळे कापणाऱ्यांना वन खाते भरपाई देऊ लागले. शिक्षेच्या भाषेऐवजी मदतीची भाषा बोलणारे सरकार मासेमाराला नवीन होते.

पण योजनेची अट नीट वाचा. प्राणी जिवंत सुटला पाहिजे आणि त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत हवी. आता जाळ्यात अडकणारे प्राणी डोळ्यांसमोर आणा. कासवही हवेतच श्वास घेते, पण पाण्याखाली बराच वेळ तग धरू शकते. व्हेल शार्क हा तर मासाच, त्याला वर यायची गरजच नाही. जाळे ओढेपर्यंत जिवंत राहण्याची शक्यता या दोघांची अधिक. रात्री लावलेल्या गिलनेटमध्ये अडकलेल्या पॉरपॉइजची ती शक्यता फारच कमी. म्हणजे योजना सगळ्या संरक्षित प्राण्यांसाठी असली तरी तिच्या रचनेमुळेच तिचा लाभ कासव आणि व्हेल शार्क यांच्याकडे झुकतो. ज्या प्राण्याला जाळ्याचा धोका सर्वांत मोठा, तो तिच्या चौकटीत सर्वांत कमी बसतो.

दुसरी गोष्ट. योजना सुटकेची नोंद करते, मृत्यूची करत नाही. सुटलेल्या प्राण्यांचे आकडे वर्षागणिक वाढले की योजना यशस्वी झाली असे आपण म्हणतो. पण सुटकेचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दहा अडकले आणि नऊ सुटले, की शंभर अडकले आणि नऊ सुटले, हे ठरवायला छेद लागतो. तो आपल्याकडे नाही, कारण तो ज्याच्याकडे आहे त्या माणसाला आपण सात वर्षांच्या कैदेची भीती घालून ठेवली आहे.

तिसरी गोष्ट फाटलेल्या जाळ्याची. सिंधुदुर्गात मासेमारांशी बोलायला बसले की डॉल्फिनविषयीची पहिली तक्रार हीच निघते. तो जाळ्यातली मासळी खातो, जाळे फाडतो, आणि भरीला मासळी विखुरतो. ही तक्रार द्वेषाची नसते, हिशेबाची असते. जाळे विणण्याचे आणि दुरुस्तीचे तास, एका दिवसाची गेलेली कमाई, डिझेल. शेतात रानडुक्कर घुसले तर पंचनामा होतो. समुद्रात डॉल्फिनने जाळे फाडले तर पंचनामा करायला कोणी नाही. ज्याचे नुकसान आपण ऐकूनच घेत नाही, त्याने आपल्या प्राण्याची काळजी घ्यावी, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

४. अमेरिकेने शिकलेला आणि शिकवू पाहणारा धडा

या प्रश्नाचे जागतिक उत्तर बहुतेक वेळा अमेरिकेतून येते, म्हणून त्याचा इतिहास थोडा पाहू. पूर्व उष्णकटिबंधीय प्रशांत महासागरात पिवळ्या पराचा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतो. १९५० च्या दशकाअखेरीस तिथल्या पर्ससीन नौकांनी डॉल्फिन दिसले की त्यांच्याभोवतीच जाळे टाकायला सुरुवात केली. डॉल्फिन हा ट्यूनाचा पत्ता झाला. त्या मासेमारीत तेव्हापासून साठ लाखांहून अधिक डॉल्फिन मेले. या संतापातून १९७२ मध्ये अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आला. म्हणजे आपला वन्यजीव कायदा आणि त्यांचा हा कायदा एकाच वर्षाचे.

दोघांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. आपल्या कायद्याने गुन्हा आणि शिक्षा ठरवली. त्यांचा कायदा दुरुस्त्या होत होत मोजणीकडे गेला. नौकेवर निरीक्षक, जाळ्याच्या वरच्या भागात बारीक डोळ्यांचे पट्टे, नौका मागे घेऊन डॉल्फिनला जाळ्याबाहेर पडू देण्याची रीत, आणि १९९९ पासून लागू झालेला आंतरराष्ट्रीय करार यांमुळे त्या मासेमारीतले मृत्यू लाखांवरून वर्षाला हजाराच्या आत आले. ज्यांनी मारले त्यांच्याच तांडेलांनी वाचवण्याचे तंत्र बसवले, हे विसरू नये.

१९९४ च्या दुरुस्तीने तिथे एक सूत्र आले, जे मला या साऱ्या साहित्यात सर्वांत उपयोगी वाटते. एखाद्या कळपातले किती प्राणी माणसामुळे मेले तरी तो कळप टिकेल, हे काढण्याचे ते सूत्र. कळपाचा किमान अंदाज घ्यायचा. डॉल्फिन-देवमाशांची कमाल वाढ वर्षाला चार टक्के धरतात, तिच्या निम्म्याने, म्हणजे ०.०२ ने गुणायचे. मग सावधगिरीचा गुणक लावायचा, संकटग्रस्त जातीसाठी ०.१ इतका खाली. उदाहरणापुरता २०० डॉल्फिनचा कळप धरू. २०० गुणिले ०.०२ म्हणजे ४. त्याला ०.१ ने गुणले की ०.४. म्हणजे पाच वर्षांत दोन मृत्यू. एवढीच मुभा! आठवीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, पण त्याचे उत्तर वाचून छाती दडपते. कारण किनाऱ्यावरच्या एखाद्या बंदरातच एका हंगामात दोन डॉल्फिन गेले असतील, तर ते कुणाला कळणारही नाही.

आता हे गणित आपल्या दारात आले आहे. २०१६ मध्ये अमेरिकेने नियम केला, की ज्या देशांतून सागरी अन्न येते त्यांनी आमच्या तोडीचे संरक्षण दाखवावे, नाहीतर त्या मासेमारीचा माल आम्ही घेणार नाही. त्याची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आली होती. भारताने २०२३-२४ मध्ये १७.८ लाख टन सागरी अन्न निर्यात केले, साठ हजार कोटींहून अधिक रुपयांचे, आणि त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक अमेरिका आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था आणि मुंबईची भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था यांनी अलीकडे सागरी सस्तन प्राण्यांची गणना हाती घेतली, त्यामागे ही निकड आहे. पहिल्या अनुसूचीत घातल्यापासून इतक्या दशकांत आपण जे मोजले नाही, ते कोळंबीच्या गिऱ्हाइकाने विचारल्यावर मोजू लागलो. हे कटू असले तरी मोजणी होते आहे, हे चांगले.

माझा आक्षेप वेगळा आहे. निर्यातीच्या दडपणाला मर्यादा असते. कासवांच्या बाबतीत हे दिसले आहे. कासव सुटू देणारी चौकट जाळ्यात नाही म्हणून अमेरिकेने कोळंबी अडवली, त्यावर भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले, १९९८ मध्ये अपिलाचा निकाल लागला. त्यानंतर दोन दशकांनी, २०१९ मध्ये, भारताच्या समुद्रातल्या कोळंबीवर तीच बंदी पुन्हा आली. तोवर आपल्या ट्रॉलरवर ती चौकट रुजली नव्हती. जो नियम बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी पाळायचा, तो गिऱ्हाइकापुरताच पाळला जातो. आणि नाशिकच्या ओट्यावर येणारा बांगडा अमेरिकेला जातच नाही. त्याच्या जाळ्यात काय मेले, हे विचारणारा गिऱ्हाईक आपल्यालाच व्हावे लागेल.

५. दोन निबंध आणि त्यांच्या कडा

या विषयावरच्या लेखनात दोन निबंध मला विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला २०२० चा, आर. सी. अँडरसन आणि सहकाऱ्यांचा. हिंद महासागरातल्या ट्यूनाच्या गिलनेटमध्ये १९५० ते २०१८ या काळात ४१ लाख लहान डॉल्फिन-देवमासे सापडले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. २००४ ते २००६ च्या सुमारास हा आकडा वर्षाला जवळजवळ एक लाखावर होता. इराण, इंडोनेशिया, भारत, श्रीलंका आणि पाकिस्तान ही आज त्यातली मोठी नावे. आकडा हादरवणारा आहे आणि तो सर्वत्र उद्धृत होतो. उद्धृत करताना एक गोष्ट मात्र गळते. हा डोलारा चारच देशांतल्या दहा पाहणी-कार्यक्रमांवर उभा आहे, आणि लेखकांनी त्यातली अनिश्चितता लपवलेली नाही. आकड्याचा दोष लेखकांकडे जात नाही. दोष आहे तो समुद्रकाठच्या सरकारांनी पन्नास वर्षे न ठेवलेल्या नोंदींचा.

दुसरा निबंध २०२२ चा, 'फ्रंटियर्स इन मरीन सायन्स' या नियतकालिकातला. केतकी जोग, दीपानी सुतारिया आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी व्यापारी मासेमारी आणि लहान प्रमाणावरची मासेमारी, अशा दोन्हींतल्या सागरी सस्तन प्राण्यांविषयीच्या संशोधनाचा व व्यवस्थापनाचा आढावा त्यात घेतला आहे. जोग यांनी सिंधुदुर्गच्या पाण्यात डॉल्फिनचा अभ्यास केलेला आहे. त्यामुळे डॉल्फिनचे अडकणे आणि त्याने मासळी पळवणे या दोन्ही बाजू एकत्र धरण्याची त्यांची दृष्टी मला मोलाची वाटते. कापलेले आणि फाटलेले जाळे एकाच गाठीत आहे, हे या निबंधाच्या मांडणीतून मला उमगले.

मला अडते ते 'व्यापारी' आणि 'लहान' या विभागणीपाशी. जगाच्या आढाव्यासाठी ती लागते, हे खरे. पण आपल्या किनाऱ्यावर ती रेघ ओढायला गेले की हातातच राहत नाही. देवगडची गिलनेटवाली नौका आकाराने लहान, पण तिची सुरमई बंदरातच लिलावात जाते आणि त्याच रात्री बर्फाच्या गाडीत चढते. मालकाचे कर्ज असते, खलाशी पगारी किंवा वाट्यावर असतात. हे व्यापारी नाही तर काय? 'लहान' म्हटले की आपण मनातल्या मनात निरुपद्रवी म्हणतो. डॉल्फिनच्या दृष्टीने मात्र किनाऱ्याजवळचे साधे गिलनेट हेच दूरच्या मोठ्या नौकेहून अधिक धोक्याचे असू शकते. उलट 'व्यापारी' म्हटले की आपल्याला खलनायक सापडतो, आणि लहान मासेमाराशी करायचे अवघड संभाषण टळते. वर्गवारी करायचीच असेल, तर ती जाळ्याचा प्रकार, खोली आणि जाळे पाण्यात राहण्याचे तास यांवर करावी, असे माझे मत आहे.

६. मासळी कोण खाते?

डॉल्फिन आमची मासळी संपवतो, हा युक्तिवाद जगभर ऐकू येतो. कॅनडात कॉड मासा संपला तेव्हा सीलकडे बोट दाखवले गेले. पण १९९२ मध्ये ती मासेमारी बंद करावी लागली ती मुख्यतः माणसाच्या बेसुमार उपशामुळे. आपल्याकडे २०१९ मध्ये महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन २.०१ लाख टनांवर आले, पंचेचाळीस वर्षांतले सर्वांत कमी. आदल्या वर्षी ते २.९५ लाख टन होते. एका वर्षात डॉल्फिनची भूक वाढली नव्हती. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही वादळे अरबी समुद्रात पाठोपाठ आली आणि नौका बंदरात अडकल्या. वर्षानुवर्षांचा अतिरेकी उपसा तर होताच.

तारली आणि बांगडा यांचे थवेच्या थवे घेरून उचलणाऱ्या पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आले. सोमवंशी समितीच्या शिफारशींचा त्याला आधार होता. सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम, ठरावीक क्षेत्र, आणि परवाने हळूहळू १८२ वर आणण्याचे धोरण. हा आदेश पारंपरिक मासेमारांच्या लढ्यातून आला. त्यात डॉल्फिनचा उल्लेख करण्याचे कारण कुणाला नव्हते. तरी तो पाळला गेला, तर डॉल्फिनसाठी त्याचे मोल अनेक जनजागृती मोहिमांपेक्षा जास्त आहे. थवे किनाऱ्याजवळ राहिले तर डॉल्फिनला जाळ्यातली मासळी ओढण्याची गरज कमी पडेल, असे मानायला जागा आहे. गिलनेटवाला आणि गादा हे दोघे एकाच थव्याचे वाटेकरी आहेत. त्यांचे हित जितके आपण समजतो तितके विरोधी नाही.

७. साक्षीदार म्हणून मासेमार

मग करायचे काय? मेक्सिकोच्या वाकिता पॉरपॉइजची कथा इशारा म्हणून पुरे. १९९७ मध्ये तिथे अंदाजे ५६७ वाकिता होते. २०१५ मध्ये गिलनेटवर बंदी आणि मासेमारांना भरपाई, दोन्ही आले. पण टोटोआबा माशाचा चोरटा व्यापार चालू राहिला, आणि कायदा पाळणाऱ्याला पोट भरण्याजोगे दुसरे जाळे वेळेवर मिळाले नाही. आज उरलेले वाकिता हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. फक्त बंदी आणि फक्त पैसा पुरत नाही.

पाकिस्तानातला प्रयोग आपल्याला जवळचा आहे. तिथे ट्यूनाच्या नौकांवरच्या माणसांनाच नोंदीचे काम दिले गेले. मेलेला प्राणी लपवायचा नाही, लिहायचा. त्या नोंदींतून दिसले, की गिलनेट पाण्याच्या पृष्ठभागाऐवजी सुमारे दोन मीटर खाली लावले तर डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण लक्षणीय घटते. महागडे यंत्र नाही, परदेशी तज्ज्ञ नाही. दोरी थोडी लांब करायची. आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हाच उपाय चालेल असे मी म्हणत नाही, आपली जाळी आणि आपली खोली वेगळी आहे. पण उपाय नोंदीतून निघाला आणि नोंद मासेमाराने केली, हा क्रम आपल्याला उचलता येईल.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. जाळ्यात अपघाताने मेलेल्या प्राण्याची माहिती स्वतःहून देणाऱ्या मासेमारावर कारवाई होणार नाही, असे लेखी आणि मराठीत जाहीर झाले पाहिजे. मुद्दाम मारणाऱ्याला शिक्षा राहू द्या, पण अपघात आणि शिकार यांत फरक करा. भरपाई योजनेत फाटलेल्या जाळ्याची नोंद सुरू झाली पाहिजे. लगेच पैसे देता आले नाहीत तरी चालतील. कुठे, कधी, कोणत्या जाळ्यात, किती खोलीवर, एवढे लिहून घ्या. डॉल्फिन आणि जाळी कुठे भेटतात याचा नकाशा त्यातूनच तयार होईल. आणि ही वही मच्छीमार सहकारी संस्थेत राहावी, वन खात्याच्या कपाटात नव्हे. डिझेलचा कोटा जिथे लिहिला जातो, त्याच टेबलावर हेही लिहिले गेले, तर ते टिकेल.

१ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांत यांत्रिक नौका बंदरात ओढलेल्या असतात. जाळी पसरून दुरुस्ती चालते. खात्याच्या माणसाने त्या दिवसांत बंदरावर बसून, फाटलेल्या प्रत्येक भोकाजवळ, हे कशाने झाले एवढे विचारले, तरी पहिल्या पावसाळ्यात आपल्याला आजवरच्या सगळ्या अंदाजांपेक्षा जास्त कळेल. त्या माणसाच्या हातात चलन-पुस्तक नसावे, एवढी एकच अट.